‘ही पण स्पोर्ट्स कार का?’ असं कुणी विचारलं तर

ट्रॅक डेच्या, म्हणजे लोक आपापल्या गाड्या रेसच्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, सकाळी गाड्या तपासायचं काम माझ्याकडे असतं. चाकांचे नट नीट आवळलेत का, ब्रेक पॅडमध्ये माल उरलाय का, बॅटरी जागची हलत नाही ना, पायाखालची मॅट काढली का, हे सगळं बघायचं आणि गाडीवर स्टिकर लावायचा. स्टिकर नाही तर ट्रॅक नाही. या कामात गाडीच्या तोंडापेक्षा पोटाशी जास्त संबंध येतो, आणि पोटाला बॅज नसतो.

बॅज असतो तो वर. गाडी जॅकवर चढली की मालक रिकामा होतो, आणि रिकामा माणूस दुसऱ्याच्या गाडीकडे बघायला लागतो. ‘यात फोक्सवॅगनचं इंजिन ना?’ ‘अजून पाट्यांवरच चालते म्हणे ही!’ ‘गोड आहे हो गाडी. मिसेसना घेतली का?’

पहिल्यांदाच स्पोर्ट्स कार घेऊन या मंडळींत जाणार असाल तर हे वाचून जा. आधीच सांगते, फार जुन्या आणि दुर्मिळ गाड्यांचे मालक बहुतेक वेळा बरे असतात. ते खाली वाकून बघतात, काहीतरी विचारतात, स्वतःच्या गाडीतलं कुठलं बिघडलंय ते सांगत बसतात. टोचून बोलणारे असतात ते मधल्या पायरीवरचे. खालच्याला हसायचं आणि वरचा आपल्याला हसत नाही ना, याकडे एक डोळा ठेवायचा, असा त्यांचा दिवस जातो.

टोमण्यातला पार्ट पकडा

टोमणा आला की चिडू नका आणि कसनुसं हसून सोडूनही देऊ नका. तो नक्की कुठल्या पार्टबद्दल आहे, ते विचारा. ‘कुठलं इंजिन म्हणताय? कुठल्या सालचं?’ एवढंच, आवाज न चढवता. बहुतेक टोमण्यांच्या मुळाशी काहीतरी खरं असतं. पण ते दुसऱ्याच सालाचं किंवा दुसऱ्याच मॉडेलचं असतं, नाहीतर खरं असूनही त्यात लाज वाटावी असं काही नसतं. बोलणं पार्टवर आलं की समोरच्याला माहिती असेल तर छान गप्पा होतात. माहिती नसेल तर त्याला नेमका तेव्हाच फोन येतो.

यासाठी आपल्या गाडीची हकिकत आपल्याला तोंडपाठ हवी. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं बघा. तिच्या मालकांना हमखास ऐकावं लागतं ते पाट्यांवरून, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या लीफ स्प्रिंगवरून. ट्रकला पाटे असतात, म्हणून कॉर्व्हेट म्हणजे ट्रक, असा हिशोब. आता खाली जाऊन बघितलं तर १९८४ च्या चौथ्या पिढीपासून सातव्या पिढीपर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये पुढे एक आणि मागे एक असा फायबरचा पाटा आडवा बसवलेला दिसतो, या चाकापासून त्या चाकापर्यंत. ट्रकचे पाटे लोखंडी, एकावर एक रचलेले आणि उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत. शिवाय ट्रकचा अख्खा अ‍ॅक्सल त्या पाट्यांनाच बांधलेला असतो. कॉर्व्हेटमध्ये चाक जागेवर धरायचं काम वेगळ्या दांड्या करतात, पाटा फक्त स्प्रिंगचं काम करतो. तो लोखंडी स्प्रिंगपेक्षा हलका असतो आणि गाडीत खूप खाली बसतो, म्हणून वजनही खालीच राहतं. आठव्या पिढीत इंजिन ड्रायव्हरच्या मागे गेलं तेव्हा तो गेला आणि साधी गुंडाळीची स्प्रिंग आली. म्हणजे टोमणा मारणाऱ्याने निदान पिढी तरी विचारून घ्यायला हवी होती.

तिच्या पुशरॉड इंजिनाचंही तसंच, म्हणजे ज्यात व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडतात ते. ‘बाबा आदमच्या काळातलं इंजिन’ म्हणतात. पण व्हॉल्व्ह उघडायला लावणारी कॅमशाफ्ट डोक्यावर न ठेवता ब्लॉकमध्ये ठेवली की इंजिनाची उंची कमी होते, ते आटोपशीर राहतं, आणि बोनेटखाली मोठं व्ही-८ बसवूनही गाडीचं नाक खाली ठेवता येतं. त्याचे तोटे आहेत, खूप वर रेव्ह करायला ते आवडीने तयार होत नाही. तेही सांगून टाका. आपल्या गाडीचा तोटा आपणच आधी सांगितला की समोरच्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

आणि हो, १९५३ ची पहिली कॉर्व्हेट खरंच मवाळ होती. एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्या वर्षी बनल्या फक्त ३००. आज त्या ३०० पैकी एक समोर आली तर हेच हसणारे लोक मोबाइल काढून रांगेत उभे राहतील.

‘इंजिन कुणाचं?’

हा प्रश्न माहिती म्हणून विचारला तर चांगला आहे. हिणवायला विचारला तर एक यादी जवळ ठेवा. मॅकलरेन एफ१ चं व्ही-१२ बीएमडब्ल्यूचं होतं. पगानी आपल्या गाड्यांत मर्सिडीज-एएमजीचं व्ही-१२ घालते. लोटस एलिसमध्ये आधी रोव्हरचं आणि नंतर टोयोटाचं इंजिन आलं, आणि ७२५ किलोच्या आसपासची ती पहिली एलिस चालवणाऱ्याला त्याची खंत वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून ऑडीच्या ताब्यात आहे, आणि हुराकान व ऑडी आर८ यांचं ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन एकाच घरचं आहे. २०१९ ची टोयोटा सुप्रा बीएमडब्ल्यू झेड४ ची जोडीदार आहे, दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या एकाच कारखान्यात जोडल्या गेल्या. सुप्रावाल्याला ‘बीएमडब्ल्यू कशी चालतेय?’ विचारणारा माणूस मॅकलरेन एफ१ समोर उभा राहून तोच प्रश्न विचारेल का, एवढं मनात आणून बघा.

गाडी बनवणाऱ्यांमध्ये ही असली तुच्छता फारशी दिसत नाही. मॅकलरेन एफ१ आखणाऱ्या गॉर्डन मरेने चालवायला सोयीची आणि आरामशीर सुपरकार कशी असावी, याचा नमुना म्हणून होंडा एनएसएक्स समोर ठेवली होती. तो हे लपवत नाही, जाहीरपणे सांगतो. वैर नसतं असं नाही. १९६३ मध्ये फेरारी विकत घ्यायचा फोर्डचा सौदा ऐनवेळी फिसकटला, त्या रागातून फोर्डने जीटी४० बनवली आणि १९६६ च्या ल मान्स या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही नंबर घेतले. पण त्या वैरासाठी फोर्डला गाडी बनवावी लागली, आणि ती २४ तास पळवून दाखवावी लागली.

एकाच घरातली भाऊबंदकी

वेगळ्या कंपन्यांच्या मालकांत चालते ती थट्टा. एकाच कंपनीच्या मालकांत जे चालतं ते जास्त कडू असतं, अगदी बांधावरच्या भांडणासारखं. पोर्शेवाल्यांचं सांगते, कारण त्यांच्या घरात वाटण्या फार. ९११ ही पोर्शेची सगळ्यात नावाजलेली गाडी, तिचा मालक त्याच कंपनीच्या स्वस्त बॉक्स्टर आणि केमनकडे ‘९११ झेपली नाही म्हणून घेतलेली’ अशा नजरेने बघतो. ९११ वाल्यांतही एअर-कूल्डवाले, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांचे मालक, वेगळे उभे राहतात. १९९८ मध्ये ९११ ची ९९३ ही पिढी बंद झाली तिथे त्यांच्या लेखी पोर्शे संपली. पुढची पिढी ९९६, ती पाण्याने थंड होणारी, वर तिचं तोंड बॉक्स्टरसारखं. त्यामुळे ९९६ वाल्याला दोन्हीकडून ऐकावं लागतं.

तुम्ही ९९६ घेतली असेल तर हे लक्षात ठेवा. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह घालायचे तर हेडमध्ये साठणारी उष्णता नुसत्या हवेने काढणं कठीण जातं. धुराचे आणि आवाजाचे नियमही कडक होत होते. म्हणून पाणी आलं. तोंड बॉक्स्टरसारखं झालं कारण नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेतात होती आणि दोन गाड्यांत पार्ट वाटून घेतल्याशिवाय भागणार नव्हतं. मग २००२ मध्ये केयेन ही एसयूव्ही आली. ‘पोर्शेने जीप काढली’ म्हणून तेव्हा काय गहजब झाला होता! केयेनच्या विक्रीने कंपनीच्या हातात पैसा खेळायला लागला, आणि पुढच्या ९११ तिच्याच जिवावर निघाल्या. केयेनला हसणाऱ्या ९११ वाल्याला हे सांगितलेलं आवडत नाही. तरी सांगा.

पोर्शेच्याच ९२४ चं दुखणं याहून जुनं. ती १९७६ मध्ये आली. मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, पण त्यांनी अंग काढून घेतल्यावर पोर्शेने स्वतःकडे घेतली. इंजिनाचं मूळ ऑडीच्या घरातलं आणि जोडणी नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात. त्यामुळे ‘ही कसली पोर्शे?’ हा प्रश्न तिच्या कपाळावर आहेच. मालकाने शांतपणे सांगायचं की इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, त्यामुळे दोन्हीकडे वजन जवळपास सारखं. हीच मांडणी पुढे ९४४ आणि ९६८ मध्ये राहिली. तरी समोरचा ऐकत नसेल तर १९४८ च्या ३५६ चा विषय काढा. पोर्शे या नावाने आलेली ती पहिली गाडी, आणि तिच्यात पार्ट होते बीटलचे. ऑडीचं इंजिन घातलं म्हणून ९२४ घराबाहेर काढायची असेल तर ३५६ चं काय करायचं, ते त्यांनीच ठरवावं.

फेरारीच्या घरात डिनो होती. एन्झो फेरारीचा मुलगा डिनो तरुणपणीच गेला, त्याचं नाव दिलेली ही व्ही-६ इंजिनाची लहान गाडी. कारखान्यातून ती फेरारीच्या बॅजशिवाय बाहेर पडली, म्हणून ‘खरी फेरारी नव्हेच’ असं तिच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं. तेच व्ही-६ लान्सिया स्ट्रॅटोसमध्ये बसलं आणि १९७४, ७५, ७६ अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद घेऊन आलं. आज डिनो २४६ ज्याच्याकडे आहे तो ती विकायला सहजासहजी तयार होत नाही.

एक सल्ला भाऊबंदकीतल्या खालच्या पायरीवरच्यांना. वरच्या मॉडेलचा बॅज आणून आपल्या गाडीला चिकटवू नका. ओळखणारे बॅजकडे बघतच नाहीत, ते चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकचं कॅलिपर बघतात, डिस्कचा आकार बघतात. आणि एकदा ओळखलं की मग तुमच्या गाडीबद्दल कुणी काही बोलत नाही, तुमच्याबद्दल बोलतात.

लॅप टाइमची फुशारकी

‘आमची गाडी नुर्बर्गरिंगला (जर्मनीतल्या प्रसिद्ध ट्रॅकवर) इतक्या मिनिटांत गेली’ हे ऐकलं की तीन प्रश्न विचारा. टायर कुठले होते? चालवत कोण होतं? आणि अंतर किती मोजलं? तिसरा प्रश्न ऐकून बरेच जण गोंधळतात. तिथल्या नॉर्डश्लाइफे या लांब ट्रॅकची पूर्ण फेरी २०.८३२ किलोमीटरची आहे. पण कित्येक वर्षं कंपन्या सुरुवातीचा एक सरळ तुकडा सोडून २०.६ किलोमीटरची वेळ जाहीर करायच्या. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण फेरीची धरतात. एवढ्याशा तुकड्याने वेगवान गाडीच्या वेळेत चार-पाच सेकंदांचा फरक पडतो. आणि लोक भांडतात ते दोन सेकंदांवरून.

२००८ मध्ये तर कंपन्याच भांडल्या. निस्सानने जीटी-आरची वेळ ७ मिनिटं २९ सेकंद सांगितली. पोर्शेने एक जीटी-आर विकत घेतली, स्वतः पळवली, आणि आपल्याला ७ मिनिटं ५४ सेकंद लागल्याचं जाहीर केलं. टायरवरून वाद झाले, गाडी खरोखर दुकानातल्यासारखीच होती का यावरून झाले. त्या कंपन्यांकडे पगारी ड्रायव्हर होते, स्वतःची मोजणी होती, तरी एकमत झालं नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून तो निकाल लावायला जाऊ नये.

स्वतःची वेळ सांगायचीच असेल तर त्याच ट्रॅकवरच्या स्वतःच्याच आधीच्या वेळेशी तुलना करून सांगा.

‘मिसेसना घेतली का?’

माझी स्वतःची गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, छोटी दोन सीटची. इंग्लंडात तिला ‘हेअरड्रेसरची गाडी’ म्हणून हिणवतात, इतर ठिकाणी सरळ बायकांची गाडी म्हणतात. मी बाई, त्यामुळे मला वेगळ्या सुरात ऐकवलं जातं: ‘तुम्हाला शोभते.’ यात पार्ट कोणता हे विचारण्यात अर्थ नाही, कारण हा टोमणा गाडीवर नाहीच. अशा वेळी मी वजन सांगते. १९८९ मध्ये आलेली ही गाडी हजार किलोच्या आतली, १.६ लिटरच्या इंजिनाची, आणि २०१६ पर्यंत तिच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख बनल्या होत्या.

मग ब्रेकचा हिशोब सांगते. १६०० किलोची गाडी २०० च्या वेगाने वळणाशी आली आणि हजार किलोची १६० ने आली, तर थांबताना पहिलीच्या ब्रेकना दुसरीच्या अडीचपट ऊर्जा गिळावी लागते. म्हणून पाच-सहा फेऱ्यांनंतर मोठ्या गाडीचं पेडल मऊ पडायला लागतं, ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी लवकर. हा हिशोब मी फुशारकी म्हणून सांगत नाही. ज्याला सांगते त्याला त्याच दिवशी उपयोगी पडतो.

एकदा तपासणीत एक रुंद, भारी ताकदीची गाडी आली. मालक शेजारच्या छोट्या गाडीवाल्याला मघापासून ‘याच्यात टेप रेकॉर्डर पण आहे का हो?’ वगैरे चालवत होता. त्याच्या मागच्या टायरची बाहेरची बाजू नव्यासारखी. मी त्याला खाली वाकायला लावलं आणि म्हटलं, आतल्या कडेवरून बोट फिरवा. त्याने फिरवलं. रबर संपून आतल्या तारा बोटाला लागत होत्या.

‘अहो मॅडम, बाहेरून तर चांगले दिसतात!’

‘चाक वरून आत कललेलं आहे ना तुमचं, त्यामुळे आतलीच बाजू झिजते. चाक काढल्याशिवाय दिसत नाही.’

त्याला स्टिकर मिळाला नाही. छोट्या गाडीवाला खूश झाला, पण त्याची बॅटरी नुसती ट्रेमध्ये ठेवलेली निघाली, क्लॅम्पच नव्हता. त्यालाही मिळाला नाही. मग दोघं पिटच्या भिंतीला टेकून माझ्या नावाने बोटं मोडत बसले, आणि तेवढ्यात त्यांची चांगली गट्टी जमली.

ट्रॅकवर पुढे जाऊ देणं

सगळ्यात खरं भांडण इथे होतं. ताकदवान गाडी सरळ पट्ट्यावर पळते, वळणात अडकते. हलकी गाडी वळणात तिच्या डिकीला येऊन चिकटते, आणि सरळ पट्टा आला की पुन्हा मागे पडते. मोठ्या गाडीवाल्याला वाटतं, ‘मी तर पुढेच आहे, याला कशाला रस्ता देऊ?’ मागच्याची मात्र अख्खी फेरी वाया जाते.

म्हणून मोठ्या गाडीत असाल तर असं करा. मागची गाडी सलग दोन-तीन वळणांत आरशातून हलत नसेल, तर ती तुमच्यापेक्षा वेगवान आहे, बॅज काहीही असो. पुढच्या सरळ पट्ट्यावर हाताने किंवा इंडिकेटरने कुठल्या बाजूने जायचं ते दाखवा, आणि मुख्य म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला. नुसता हात दाखवून पाय दाबून धरणारे खूप असतात, त्याला रस्ता देणं म्हणत नाहीत. ब्रेक मारू नका, आपली रेघ सोडू नका, फक्त पाय उचला.

छोट्या गाडीत असाल तर इशारा मिळाल्याशिवाय आत घुसू नका, आणि पुढे गेल्यावर हात वर करून आभार माना. हेडलाइट मारत राहणं हा अडाणीपणा आहे.

सार्वजनिक रस्त्यावर कुणी शेजारी येऊन इंजिन गुरगुरवलं तर काच वर करा आणि जाऊ द्या. यावर यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

आपलं तोंड

तुम्हीही कधीतरी वरच्या पायरीवर असाल, म्हणून थोडं त्याबद्दल. दुसऱ्याच्या गाडीबद्दल पहिलं वाक्य प्रश्न असू द्या: किती दिवस झाले, कशी सापडली, कुठला पार्ट मिळत नाही. ‘पुढची कुठली घेणार?’ हा प्रश्न विचारू नका, त्यात आत्ताच्या गाडीचा अपमान असतो. ‘याच्यापेक्षा थोडे घालून अमुक आली असती’ हे वाक्य तर कुठल्याच परिस्थितीत नको. विचारल्याशिवाय गाडीला टेकू नका, दरवाजा उघडू नका. बसायला सांगितलं तर खिशातल्या किल्ल्या आणि पट्ट्याचं बक्कल सांभाळून बसा.

आणि ज्याने सकाळी तुमच्या गाडीला नावं ठेवली त्याचीच गाडी दुपारी ट्रॅकच्या कडेला बंद पडली, तर टोचन लावायला आधी तुम्ही जा. टोचनचा हुक बहुतेक डिकीत टूलकिटबरोबर असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवायचा असतो. काही गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या विरुद्ध फिरवला तरच बसतो. बऱ्याच मालकांना स्वतःच्या गाडीबद्दल हे माहीत नसतं आणि ते घामाघूम होऊन उलटीकडे पिळत असतात. त्यांना सांगा. हुक पूर्ण आत गेल्याशिवाय पट्टा लावू नका, नाहीतर पहिल्याच हिसक्याला आटे जातात.